मदत पोचली, पण उपयोग झाला का? संस्थेच्या कामाची माहिती गोळा करण्याच्या पद्धती

बीड जिल्ह्यात समाजाची लहान-मोठी कामं अनेक गावांत चालतात. कुठे बैतुलमालमधून फी भरली जाते, कुठे मुलींची अभ्यासिका आहे, कुठे शिलाई वर्ग, कुठे आरोग्य शिबिर. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे जातो. पण ताळेबंद पैसा कुठे गेला एवढंच सांगतो. त्या पैशाने कुणाच्या घरात काय बदललं, हे कळायला वेगळी माहिती लागते. जकात-सदक्याची रक्कम अमानत असल्यामुळे देणाऱ्यालाही हे विचारायचा हक्क आहे. ही माहिती कशी गोळा करायची, ते पाहू.

आधी प्रश्न, मग पद्धत

बऱ्याच ठिकाणी काम उलटं होतं. आधी मोबाईलवर फॉर्म बनतो, त्यात चाळीस प्रश्न भरले जातात आणि नंतर या उत्तरांचं करायचं काय, असा विचार सुरू होतो. आधी एका ओळीत प्रश्न लिहा. ‘शिलाई वर्गाचा फायदा झाला का?’ हा प्रश्न फार मोघम आहे. ‘वर्ग संपून सहा महिने झाल्यावर किती जणी शिलाईतून कमावतात?’ हा प्रश्न मोजता येतो. ‘ज्या कमावत नाहीत, त्यांचं कुठे अडलं?’ हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर आकड्यात मिळणार नाही, बसून बोलावं लागेल.

बीडनेच दिलेला धडा

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नसले, तरी एवढी तफावत नजरेआड करता येत नाही.

दवाखान्याच्या नोंदीत शस्त्रक्रियेची तारीख मिळते. किती जणींची झाली, हे पाहणीतून कळलं. पण का झाली, हे बायकांशी बोलल्यावरच उलगडलं. दुखणं अंगावर काढत फडात राबणं, खाडा पडला की मुकादमाचा दंड, डोक्यावर घेतलेली उचल आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. फक्त आकडे पाहिले असते तर कारण सापडलं नसतं. फक्त चार बायकांच्या कहाण्या ऐकल्या असत्या, तर ‘तुरळक प्रकार आहेत’ म्हणून विषय मागे पडला असता.

कोणती पद्धत कशासाठी?

• असलेल्या नोंदी: हजेरी, निकाल, शिबिराचं रजिस्टर. खर्च जवळपास नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. मात्र जे आलेच नाहीत, ते या कागदांत सापडत नाहीत.

• प्रश्नावली: ‘किती’ हे कळण्यासाठी. प्रश्न थोडे आणि सोपे हवेत. गाव मोठं असेल तर चिठ्ठ्या टाकून घरं निवडा. ओळखीच्या घरांतच गेलात तर उत्तरंही ओळखीचीच मिळतील.

• मुलाखत: ‘का’ हे कळण्यासाठी. दहा-बारा मोकळ्या मुलाखतींतूनही बरंच समजतं.

• गटचर्चा: शाळा, पाणी, रस्ता अशा सगळ्यांच्या विषयांसाठी चांगली. आजारपण, कर्ज, घरातला त्रास यासाठी अजिबात नको.

• प्रत्यक्ष पाहणी किंवा चाचणी: ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलाला वाचता येतं का, हे आई-वडिलांना विचारत नाहीत. घरी जाऊन मुलासमोर मजकूर ठेवतात आणि वाचायला सांगतात. घरी गेल्यामुळे शाळेत न जाणारी मुलंही मोजली जातात. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी ही रीत जरूर उचलावी.

कधी, कुणी आणि कुणासमोर विचारायचं?

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या महिन्यांत पाहणी केली तर जी घरं सगळ्यात अडचणीत, तीच बंद दिसणार. रमजानमध्ये असर ते मगरिब ही वेळ टाळा. तेव्हा बायकांना बोलायला सवड नसते.

बायकांच्या प्रश्नांसाठी बाईच पाठवा. फॉर्म मराठीत असला तरी घरात दखनी बोलत असतील तर प्रश्न दखनीत विचारा. मुकादम, देणगीदार किंवा कमिटीचे सदर समोर बसलेले असतील तर ‘सब अच्छा है’ यापलीकडे काही ऐकू येणार नाही. मदत वाटणाऱ्यानेच मत विचारलं, तरी तेच होतं. उत्तर काहीही दिलं तरी मदत थांबणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि परवानगी घ्या. विधवा किंवा आजारी बहिणीचं नाव, फोटो ग्रुपवर टाकू नका. घरचं दुःख त्यांनी विश्वासाने सांगितलेलं असतं.

बदल आपल्यामुळेच झाला का?

काम सुरू होण्याआधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. शिवाय काही बदल आपोआपही होतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि जगाने ते मानले त्यात या तुलनेचा मोठा वाटा होता. आपल्याला एवढं मोठं काम जमणार नाही. पण वर्गाला आलेल्या वीस आणि न आलेल्या वीस मुलींची एकच चाचणी घेणं कुठल्याही कमिटीला जमेल.

सुरुवात अशी करा

एक काम निवडा आणि त्यावर दोन-तीन प्रश्न ठरवा. नोंदी तपासा, तीस घरांत छोटी प्रश्नावली न्या आणि त्यातल्या सहा-सात जणांशी निवांत बोला. नोंदी एक सांगतात आणि लोक दुसरं, असं दिसलं तर तिथेच थांबून शोध घ्या. शेवटी, जे कळलं ते ज्यांनी वेळ दिला त्यांना जाऊन सांगा आणि पुढच्या वर्षी काय बदलणार, हेही सांगा. तसं केलं तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी दार मोकळ्या मनाने उघडेल.