रिक्रिएशन डॉट गव्ह

अमेरिकेच्या संघीय सरकारच्या मालकीची जंगले, राष्ट्रीय उद्याने, धरणांचे जलाशय आणि वाळवंटी मुलूख येथील मुक्काम, प्रवेश व पदभ्रमणासाठी ऑनलाइन आरक्षण करून देणारी मध्यवर्ती व्यवस्था. राष्ट्रीय उद्यान सेवा, वन सेवा, भू-व्यवस्थापन विभाग, लष्कराची अभियांत्रिकी शाखा अशा डझनभर संस्था एकाच संकेतस्थळावरून तंबूच्या जागा, जंगलातील झोपड्या, ठरावीक वेळेचे प्रवेश आणि अवघड वाटांचे परवाने देतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वेळेची तिकिटेही येथेच मिळतात.

संगणकावरील आरक्षण तेथे इंटरनेटच्या आधीपासून आहे. १९७० च्या दशकात नाटका-मैफलींची तिकिटे विकणाऱ्या तिकिट्रॉन या कंपनीमार्फत काही राष्ट्रीय उद्यानांतील तंबूच्या जागा दिल्या जात. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस वन सेवा आणि लष्कराची अभियांत्रिकी शाखा यांनी आपली आरक्षणे एकत्र केली, २००७ मध्ये उद्यान सेवाही त्यांना येऊन मिळाली. ऑक्टोबर २०१८ पासून हे संकेतस्थळ बूझ ॲलन हॅमिल्टन ही खासगी सल्लागार कंपनी चालवते. तिला ठोक रक्कम मिळत नाही. प्रत्येक व्यवहारामागे मोबदला मिळतो. शुल्कांवरील बहुतेक वादांचे मूळ या एका अटीत आहे.

बहुतेक तंबूतळांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीतील बहुतेक जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, कॅलिफोर्नियात सकाळचे ७ वाजले की सुटतात. उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. रेल्वेचे तात्काळ तिकीट काढणाऱ्याला ही धांदल वेगळी समजावून सांगायला नको. रद्द झालेल्या जागांवर सतत नजर ठेवून ग्राहकाला संदेश पाठवणाऱ्या खासगी सेवाही निघाल्या आहेत. दुसरीकडे, आरक्षण करून न येणारेही पुष्कळ असतात. संकेतस्थळावर ‘जागा नाही’ असे दिसत असताना तळावर रिकामे चौथरे असतात, ही तक्रार जुनी आहे. रद्द करण्यासाठी १० डॉलर आणि न येण्यासाठी २० डॉलर आकारूनही ती मिटलेली नाही, कारण तंबूच्या जागेचे भाडे मुळातच कमी असते आणि रद्द करण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

जिथे मागणी फारच जास्त, तिथे घाईऐवजी सोडत असते. योसेमिटीतील हाफ डोम हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. या ग्रॅनाइटच्या घुमटाकार शिखराच्या अखेरच्या खड्या चढावर १९१९ मध्ये सिएरा क्लबने पोलादी दोर बसवले. पुढे शनिवार-रविवारी या दोरांवर इतकी गर्दी होऊ लागली, की वरचे खाली येईनात आणि खालचे वर जाईनात. वीज कडाडू लागली किंवा पाऊस आला, तर ओल्या, गुळगुळीत कातळावर अडकलेल्यांना सुटकेची वाटच उरत नसे. म्हणून २०१० मध्ये सुटीच्या दिवसांपुरता आणि २०११ पासून रोजच परवाना लागू झाला. आता दिवसाला जास्तीत जास्त ३०० जण वर जातात: सुमारे २२५ एका दिवसात जाऊन येणारे, ७५ मुक्कामी. मुख्य सोडतीचे अर्ज मार्चमध्ये भरायचे, एका अर्जावर जास्तीत जास्त सहा जण. अर्जाचे १० डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागला तर माणशी आणखी १० डॉलर. हंगाम सुरू झाल्यावर दोन दिवस आधीची छोटी सोडतही असते, आणि मधल्या वारांना नंबर लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. ही मर्यादा योग्यच आहे. त्या दोरांवर चढणाऱ्याचा जीव पुढच्या-मागच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असतो.

ॲरिझोना-युटा सीमेवरील ‘वेव्ह’ हा लाटांसारख्या पट्ट्यांचा वालुकाश्म नाजूक आहे, बुटांनीही झिजतो. तिथे पूर्वी रोज फक्त २० जणांना सोडत. त्यांपैकी निम्मे परवाने कॅनब गावात सकाळी प्रत्यक्ष हजर असणाऱ्यांत वाटले जात: लोक नाव नोंदवून बसत आणि अधिकारी पिंजऱ्यातून क्रमांकाचे गोळे काढी. २०२१ मध्ये मर्यादा ६४ झाली. त्यांतल्या ४८ जागा चार महिने आधीच्या ऑनलाइन सोडतीत, १६ जागा रोजच्या सोडतीत. २०२२ पासून गोळ्यांची जागा मोबाइलने घेतली. मात्र अर्ज करणाऱ्याचा फोन त्या परिसरातच असावा लागतो. ही अट मला फार मोलाची वाटते. प्रवास करून तिथवर पोहोचलेल्या माणसाला काही जागा राखून ठेवण्याचे तत्त्व तिने वाचवले. अर्जाचे ९ डॉलर मात्र हरणाऱ्याचेही जातात, आणि हरणारेच बहुसंख्य.

शुल्काचा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. संघीय भूमीवरील मनोरंजन-शुल्कांचा २००४ चा कायदा सांगतो, की वसूल झालेल्या शुल्काचा किमान ८० टक्के भाग त्याच ठिकाणी खर्च व्हावा आणि नवे शुल्क लावण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकावे. आरक्षणाचे सेवाशुल्क या चौकटीत कुठे बसते? लास वेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये वेळेच्या प्रवेशासाठी २ डॉलर सेवाशुल्क लावले गेले, तेव्हा एका नागरिकाने दावा लावला. मार्च २०२२ मध्ये नेवाडाच्या संघीय न्यायालयाने सांगितले, की लोकसहभागाची पायरी गाळून हे शुल्क लावता येत नव्हते. रक्कम किरकोळ होती, प्रश्न नव्हता. प्रवेशशुल्कातून वाटा दुरुस्त होतात, शौचालये चालतात. सेवाशुल्कातून कंत्राटदाराचे बिल भागते. देणाऱ्याला हा फरक पावतीवर स्पष्ट दिसला पाहिजे.

आरक्षणाने गरीब मागे पडतात का, याची तपासणी मॉन्टाना विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केली. मोबाइल फोनच्या स्थान-नोंदी त्यांनी तपासल्या. राष्ट्रीय उद्यानांच्या ज्या तळांवर काही जागा आरक्षित आणि काही ‘आधी येईल त्याला’ होत्या, तिथे आरक्षित जागांवर राहणारे सरासरीने अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतून आलेले आढळले. कारण समजण्याजोगे आहे. सहा महिने आधी रजा ठरवू शकणारा, ऐन वेळी संगणकासमोर बसू शकणारा माणूस पाळीवर काम करणारा नसतो.

भारतात व्याघ्र प्रकल्पांच्या सफारीला आगाऊ आरक्षणाची हीच पद्धत लागू आहे. ताडोबा-अंधारीत मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांनुसार सकाळ-दुपारच्या फेऱ्यांना जिप्सींची संख्या बांधलेली असते आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासले जाते. तिथेही सुटीच्या दिवसांची तारीख मिळवणे हेच मुख्य दिव्य आहे.

या सगळ्यात सर्वांत विचारपूर्वक बांधलेली सोडत मात्र या संकेतस्थळाबाहेरची आहे. ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीत स्वतःची नाव घेऊन जाणाऱ्यांसाठी पूर्वी प्रतीक्षायादी असे आणि ती दोन दशकांच्या घरात लांबली होती. २००६ पासून उद्यान सेवेने तिच्या जागी भारित सोडत आणली: ज्याला नदीवर जाऊन जितकी जास्त वर्षे झाली, त्याच्या नावाच्या तितक्या जास्त चिठ्ठ्या, कमाल पाच. हाफ डोमच्या सोडतीत अशी नोंद ठेवली जात नाही. दहा वर्षे अर्ज करणारा आणि पहिल्यांदा करणारा तिथे एकाच ओळीत उभे असतात, आणि दोघांकडूनही १० डॉलर घेतले जातात.