तात्पुरत्या निर्बंधाचें अर्धशतक

युद्धकाळीं घातलेला निर्बंध युद्धाबरोबरच संपतो, अशी सामान्य माणसाची समजूत असते. आपल्या देशांतील आयात-नियंत्रणाचा इतिहास पाहिला, म्हणजे ही समजूत किती भाबडी आहे तें कळून येतें. मे १९४० मध्यें भारत संरक्षण नियमांखालीं सरकारनें ६८ प्रकारच्या मालाच्या आयातीवर बंधन घातलें. कारण उघड होतें. जहाजांत जागा थोडी होती, आणि परकीय चलन लढाईच्या सामग्रीसाठीं राखून ठेवणें भाग होतें. अशा वेळीं कोणता माल आधीं आणावा हें सरकारनें ठरविलें, यांत गैर कांहींच नव्हतें.

युद्ध संपलें, नियंत्रण मात्र राहिलें. १९४७ सालीं आयात-निर्यात नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, तोही कांहीं वर्षांच्या मुदतीपुरता. मुदत संपत आली कीं ती वाढवावयाची, असा क्रम मग चालू झाला. १९५६ सालीं दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि वर्षभरांतच परकीय चलनाची गंगाजळी झपाट्यानें आटली. तेव्हां नियंत्रण आणखीच कडक झालें. देशी उद्योगांना आसरा मिळावा हा हेतुही त्यांत होता, आणि त्या आसऱ्यानें कांहीं उद्योग उभे राहिले हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु या व्यवस्थेचा व्यवहार कसा चाले तें पाहूं. कारखानदाराला यंत्राचा एखादा सुटा भाग परदेशांतून आणावयाचा असला, तर त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: एक, तो भाग अत्यावश्यक आहे, आणि दुसरी, तसा भाग देशांत कोठेंही मिळत नाहीं. लहान कारखानदार राज्याच्या उद्योग-संचालकाकडे जाई, मोठा दिल्लीच्या तांत्रिक विकास महासंचालनालयाकडे. शिफारस मिळाली म्हणजे अर्ज आयात-निर्यात नियंत्रकाच्या कचेरींत जावयाचा. तोंवर यंत्र बंद, आणि कामगार हात जोडून बसलेले!

यांत सारा दोष कारकुनांचा किंवा अधिकाऱ्यांचा होता, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. हजारों कारखान्यांची खरी गरज कचेरींत बसून मोजणें कोणाही बुद्धिमान माणसाला अशक्यच होतें. म्हणून जें मोजतां येण्यासारखें होतें, तें मोजलें गेलें. पूर्वीं किती माल आणला होता? कारखान्याची उत्पादनक्षमता किती? ज्याची व्यापारांत जुनी नोंद होती त्याला वांटा मिळे. नव्या उमेदीच्या माणसाला तो मिळणें दुरापास्त. कच्चा माल क्षमतेच्या प्रमाणांत मिळतो हें दिसून येतांच, असलेलीं यंत्रें पुरतीं चालत नसतांही कारखानदार नवीं यंत्रें बसवूं लागले. टंचाई आंवरण्यासाठीं केलेल्या नियमानेंच अशी उधळपट्टी शिकविली.

हळूहळू परवाना हीच एक मालमत्ता बनली. के. संथानम् यांच्या अध्यक्षतेखालील भ्रष्टाचार-प्रतिबंधक समितीनें १९६४ सालीं अहवाल दिला. आयात-परवान्याला बाजारांत दर्शनी किंमतीच्या शंभरापासून पांचशें टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, ही गोष्ट सर्वश्रुत असल्याचें तींत नमूद आहे. कागद लवकर सरकावा म्हणून द्यावयाच्या पैशांचाही उल्लेख तेथें आहे. पुढें १९७४ सालीं ॲन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीनें हिशेब मांडला कीं, निरनिराळ्या नियंत्रणांतून भारतांत उत्पन्न होणारा आयता लाभ १९६४ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के इतका होता. ज्यांना हा लाभ मिळे, त्यांना नियंत्रण उठावें असें कां वाटावें?

आणि ज्या परकीय चलनासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें काय झालें? १९९१ सालीं जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतें चलन शिल्लक उरलें, आणि जुलै महिन्यांत सुमारें ४७ टन सोनें परदेशीं तारण ठेवण्याची पाळी आली. त्यानंतर मात्र बंधनें भराभर सैल झालीं. १९४७ चा कायदा १९९२ सालीं रद्द झाला. उपभोग्य वस्तूंवरील उरलीं परिमाणात्मक बंधनें जावयास १ एप्रिल २००१ उजाडावा लागला.

हा विषय केवळ इतिहासजमा झाला असेंही नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें लॅपटॉप व संगणकांच्या आयातीला परवाना आवश्यक असल्याची अधिसूचना निघाली, आणि दुसऱ्याच दिवशीं तिचा अंमल लांबणीवर टाकावा लागला. संकटकाळीं निर्बंध घालूं नयेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कायद्याला नुसती मुदत घालून भागत नाहीं, हें १९४७ च्या कायद्यानें दाखविलें आहे. सुटा भाग अत्यावश्यक आहे, त्याला दुसरा पर्याय नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार सरकारनें कारखानदारावर टाकला होता. निर्बंधाची मुदत वाढवितांना तोच पुरावा सरकारनें लोकांपुढें ठेवला पाहिजे. आणि तो मागण्याची संवय आपण नागरिकांनीं लावून घेतली पाहिजे.