ह्यूम, वेंगुर्ल्याचे खडक आणि साताऱ्याची पक्षीयादी

१/ अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ओळखतो. त्याआधी दहाच वर्षे हे गृहस्थ कोकणच्या समुद्रात पक्ष्यांच्या वसाहती धुंडाळत होते, हे मात्र पाठ्यपुस्तकांत येत नाही.

२/ फेब्रुवारी १८७५. लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत ह्यूम वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर उतरले. तेथे उघड्या कातळावर सुरय, म्हणजेच टर्न पक्षी, अंडी घालतात. गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात.

३/ अडचण ऋतूची. सुरयांची वीण पावसाळ्याच्या तोंडाशी आणि ऐन पावसाळ्यात होते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्यामुळे तारखेवाचून येथील नोंद निरर्थक ठरते.

४/ ह्यूम यांचा वृत्तान्त त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’च्या चौथ्या खंडात (१८७६) आला. सातारकरांनी हा खंड जरूर पाहावा. अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांची महाबळेश्वर, खंडाळा, बेळगाव येथील पक्षीयादी त्यातच आहे. पुढे १८८१ मध्ये बटलर यांनी दख्खन व दक्षिण मराठा मुलखाची सूची छापली. सांगली संस्थान याच मुलखातले.

५/ परंतु यादी निराळी, गणना निराळी. पक्षी होता, एवढेच यादी सांगते. तो वाढला की घटला, हे कळण्यासाठी त्याच जागी, त्याच हंगामात, त्याच पद्धतीने पुनःपुन्हा मोजावे लागते. वेंगुर्ल्याबाबत निदान धागा तुटला नाही. १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअलींनी येथील सुरय व पाकोळ्यांवर लिहिले. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी उजेडात आणली. सतत लक्ष असल्याखेरीज अशी चोरी कळतही नाही.

६/ ह्यूम यांच्या टिपणांचे काय झाले? अनेक वर्षांची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली. छापलेले तेवढे वाचले. शिवाय सुमारे ८२,००० नमुने ब्रिटिश म्युझियमला गेले.

७/ मायणी-येरळवाडीला रोहित पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आज कॅमेरा आहे. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहा. एकही पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा. आणि ती नोंद एकाच वहीत ठेवू नका. दीडशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाला आपल्या जिल्ह्याची नुसती यादी नव्हे, गणनाही मिळायला हवी.