दोन आण्यांचा रस्ता : जयकर समिती आणि पेट्रोलवरील कर



बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. नामांकित कायदेपंडित, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाचे ग्रंथालय तर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण आज आपण पेट्रोल पंपावर पैसे मोजतो तेव्हा त्यांतला काही भाग रस्त्यांच्या नावाने वेगळा निघतो, आणि ही व्यवस्था या देशात ज्या समितीच्या शिफारशीवरून सुरू झाली तिचे अध्यक्षही जयकरच होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार तर एका ओळीत येते. आजच्या व्याख्यानात त्या ओळीचा विस्तार करायचा आहे.

मोटारी येण्यापूर्वी रस्त्याचा खर्च कोण देत असे? मुंबई इलाख्यापुरते उत्तर स्पष्ट आहे : शेतकरी. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होई. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. या आण्याचे दोन भाग रस्त्यांकडे आणि एक भाग शाळांकडे जात असे. बेळगावपासून खानदेशापर्यंत, ज्याच्याकडे गाडी आहे त्याने आणि ज्याच्याकडे नाही त्यानेही हा आणा भरला. शिवाय टोल होताच. १८३० साली सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा त्याच्या टोलचा मक्ता दिला जाई. पुढे १८७५ मध्ये इलाख्यासाठी टोलचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे नाक्यावर पैसे देऊन पुढे जाण्याचा अनुभव आपल्या पणजोबांनाही नवा नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि हा हिशोब बिघडला. त्याचे कारण रस्त्याच्या बांधणीत आहे. तेव्हाचा पक्का रस्ता म्हणजे खडी अंथरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचे आणि रूळ फिरवायचा. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा चुरा करी. पण तो चुरा पावसापाण्याने फटींत बसून खडीला धरूनही ठेवी. मोटारीच्या रबरी चाकाचे काम उलटे. ते वेगाने जाताना फटींतली भुकटी शोषून वर उडवते. बांधून ठेवणारी माती गेली की खडी सुटी होते, आणि मागून येणारी लोखंडी धाव ती इकडेतिकडे लोटते. दोन्ही वाहने मिळून रस्ता जितका खराब करत, तितका एकटे कोणतेच करत नसे. यावर उपाय डांबराचा, आणि डांबर महाग. तो खर्च गावच्या कुणब्याच्या आण्यातून काढणे न्याय्य नव्हते.

मग पैसे मोटारवाल्याकडून कसे घ्यायचे? हा प्रश्न तेव्हा जगभर पडला होता. अमेरिकेत ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये गॅलनमागे एक सेंट कर बसवून तो रस्त्यांसाठी राखला आणि दहा वर्षांत तिथल्या सर्व राज्यांनी असा कर लावला. जो जास्त फिरेल तो जास्त इंधन जाळेल आणि जास्त कर देईल. नाका नको, पावती नको. हिंदुस्थानात मात्र एक अडचण होती. पेट्रोलवरचा कर १९१७ पासून मध्यवर्ती सरकार घेत होते आणि १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांच्या मंत्र्यांकडे गेले होते. पैसा एकाकडे, खड्डे दुसऱ्याकडे.

हा गुंता सोडवण्यासाठी १९२७ मध्ये समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. समितीने दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. एक, रस्त्यांची वाढ प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेली आहे, म्हणून ती राष्ट्रीय जबाबदारी मानावी. दुसरी, पेट्रोलवर जादा कर घेऊन तो स्वतंत्र निधीत ठेवावा. त्यानुसार १९२९ च्या मार्चमध्ये गॅलनमागचा कर चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे मध्यवर्ती रस्ते निधीत जाऊ लागले. दहावा हिस्सा सरकारकडे राखीव राहिला. उरलेला, जिथे जितके पेट्रोल खपते त्या प्रमाणात, प्रांतांना आणि संस्थानांनाही मिळू लागला. ‘संस्थानांनाही’ हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. आपण ज्याला आजही ए.बी. रोड म्हणतो तो मुंबई-आग्रा रस्ता नाशिक-धुळे सोडल्यावर होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातून जात होता. रस्ता संस्थानाची हद्द पाहून थांबत नाही, हे या वाटपाने मान्य केले.

व्यवस्था प्रथम पाच वर्षांपुरती होती. पुढे ती चालू राहिली. समितीच्याच सूचनेतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची योजना आखताना त्यांनी राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची जी वर्गवारी केली, तीच थोड्याफार फरकाने आज चालते.

इथपर्यंतची हकीकत यशाची आहे. पण या निधीत आरंभापासून दोन उणिवा होत्या. पहिली, त्याचा मुख्य भर नव्या बांधणीवर आणि मोठ्या सुधारणांवर होता. रोजची डागडुजी बहुतांशी प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या माथी राहिली. पूल बांधायला पैसे मिळत, पुलाची मोरी साफ करायला मिळत नसत. दुसरी उणीव हिशोबाची. कर किमतीच्या प्रमाणात नव्हता. मापामागे ठरावीक होता. दोन आणे गॅलन म्हणजे आजच्या मापात लिटरमागे सुमारे पावणेतीन पैसे. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके हा वाटा लिटरमागे काही पैशांच्या पुढे गेला नाही. महागाई वाढत गेली, निधी नावापुरता उरला.

त्याला पुन्हा जीव आला तो १९९८ साली, पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसला तेव्हा. पुढच्या वर्षी डिझेलवरही तो आला. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने वाटणी ठरली : डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना, उरलेल्या रकमेतून ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना आणि १२.५ टक्के रेल्वे फाटकांवरच्या पुलांना. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील कित्येक वाड्यावस्त्यांचे रस्ते या पैशातून झाले आहेत. जयकर समितीच्या कल्पनेचे एवढे मोठे फळ समितीलाही अपेक्षित नसेल.

पण २०१८ मध्ये त्या निधीचे नाव बदलून ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले. नावाबरोबर यादीही लांबली : पाणीपुरवठा, वीज, दळणवळण, शाळा-रुग्णालयांसारख्या सामाजिक सुविधा. त्याच अर्थसंकल्पात मूळ उत्पादन शुल्क दोन रुपयांनी कमी केले, सहा रुपयांचे अतिरिक्त शुल्क रद्द केले आणि आठ रुपयांचा नवा उपकर बसवला. पंपावरचा भाव होता तोच राहिला. मात्र मूळ शुल्कातला हिस्सा राज्यांना वाटून द्यावा लागतो, उपकरातला द्यावा लागत नाही. त्या दोन रुपयांची वाट अशी बदलली. शिवाय उपकराचा पैसा आधी देशाच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीने रस्त्यांच्या निधीत येतो. शाळा आणि पाणी हीदेखील गरजच आहे, हे कोण नाकारेल? पण रस्त्यासाठी म्हणून घेतलेल्या पैशाची यादी लांबली की रस्त्याला किती मिळाले हे सामान्य माणसाला शोधून काढणे कठीण होते. ब्रिटनचा अनुभव हाच आहे. तेथील रस्ते निधीतली शिल्लक १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी सर्वसाधारण खर्चाकडे वळवली. ही ताजी घटना समोर असताना इथे आपल्या समितीचे काम सुरू झाले होते.

आता पुढचा प्रश्न दारात उभा आहे. विजेवर चालणारी गाडी रस्ता झिजवते, पण पेट्रोल घेत नाही. म्हणजे हा उपकरही भरत नाही. अशा गाड्या वाढतील तसा दोन आण्यांच्या वेळचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. अंतरावर कर घ्यायचा, वजनावर घ्यायचा, की पुन्हा सगळ्यांच्या करातून ‘लोकल फंडा’सारखा? तो निर्णय होताना दोन गोष्टींचा आग्रह आपण धरला पाहिजे. गोळा होणाऱ्या रकमेतला ठरावीक भाग नव्या बांधणीला नव्हे, तर डागडुजीला बांधून द्यावा. आणि कोणत्या जिल्ह्यात किती आले, किती खर्चले, हा हिशोब दरवर्षी मराठी, हिंदी, कन्नड अशा लोकांच्या भाषांत छापला जावा. पेट्रोल जिथे खपले तिथे पैसा परत गेला पाहिजे, हे तत्त्व १९२९ मध्ये संस्थानांनाही लागू झाले होते. आज ते तपासून पाहण्याचे साधन तरी नागरिकाच्या हाती असायला हवे.