फादर नसलेली पॅरिश : उराकामीची सव्वादोनशे वर्षं

आजचा भाग जपानचा आहे, पण सुरुवात वसईपासून करतोय. वसईत संत गोन्सालो गार्सिया नावाचं कॉलेज आहे. वेस्टर्न लाइनवाल्यांना नाव माहीत असेल. हा गोन्सालो १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मला. आई वसईची, वडील पोर्तुगीज. लहानपणीच जेसुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा पोरं शिकतात तशी शिकला. जेसुइट संघात त्याला घेतलं नाही, मग त्याने व्यापार केला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीला भेटायला गेले, तेव्हा त्यांचा दुभाषी हाच वसईकर होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवलं. त्यात गोन्सालो होता. या २६ जणांत फ्रान्सिस्कन सहा, जेसुइट तीन, आणि उरलेले सतरा? साधे प्रापंचिक जपानी लोक. सगळ्यांत लहान लुदोविको इबाराकी, वय १२. आणि मिस्सा अर्पण करू शकतील असे दीक्षित धर्मगुरू होते फक्त तिघे. गोन्सालोसुद्धा ब्रदर, फादर नाही.

हा आकडा मी मुद्दाम सांगतोय. कॅथलिक चर्च म्हटलं की आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला पांढऱ्या झग्यातला फादर दिसतो. फादर काढून घेतला तर मागे काय उरेल? हा प्रयोग इतिहासात खरोखर झालाय, कोणी ठरवून न करता. जागा उराकामी, नागासाकीच्या उत्तरेकडचं शेतकऱ्यांचं गाव.

उराकामी १५८४ मध्ये तिथल्या सरदाराने जेसुइटांना देऊन टाकलं होतं. त्या काळी जपानात ख्रिस्ती दीड लाखाच्या आसपास आणि जेसुइट शंभराहूनही कमी. हिशोब करून बघा. एक फादर एका गावात वर्षातून किती वेळा पोचणार? म्हणून बंदी यायच्या आधीपासूनच गावोगाव प्रापंचिकांचे गट होते. पोर्तुगीज शब्द कोन्फ्रारिया, जपानीत नुसतं ‘कुमी’. आजाऱ्याला बघायचं, मेलेल्याला पुरायचं, पोरांना प्रार्थना शिकवायच्या, रविवारी जमायचं. नागासाकीत १५८३ पासून मिझरिकॉर्दिया होती, तशीच गोव्यातही होती. कुष्ठरोग्यांची सेवा, विधवांना मदत, हे सगळं गावचे लोक चालवायचे.

म्हणजे बॅकअप कोणी संकट येणार म्हणून घेतला नव्हता. माणसं कमी होती म्हणून रोजचं कामच तसं चाललं होतं. पुढे तेच उपयोगी पडलं.

१६१४ मध्ये तोकुगावा सरकारने देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकललं, लपलेल्यांना शोधून मारलं. १६३७-३८चं शिमाबाराचं बंड चिरडल्यावर तर पकड आणखी घट्ट झाली. १६४४ मध्ये जपानातला शेवटचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर १८६५ पर्यंत, म्हणजे २२१ वर्षं, उराकामीत ना मिस्सा झाली, ना कोणी धर्मगुरूपुढे पापकबुली दिली.

सरकारची यंत्रणाही बघण्यासारखी होती. प्रत्येक घराची नोंद एखाद्या बौद्ध मंदिरात हवी. पाच-पाच घरांचा गट, एकाने गुन्हा केला तर पाचही घरं जबाबदार. आणि नागासाकी भागात दर नव्या वर्षी ‘फुमिए’. येशूची किंवा मारियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि सगळ्या गावाने, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, त्यावर पाय द्यायचा. उराकामीत हे गावच्या मुखियाच्या वाड्यात व्हायचं. हा वाडा लक्षात ठेवा.

लोक पाय द्यायचे. घरी यायचे आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे.

या प्रार्थनेमागे एक छोटी पुस्तिका होती, १६०३च्या सुमाराची. तिचा आशय असा, की पापकबुलीसाठी धर्मगुरू मिळतच नसेल आणि मनापासून पश्चात्ताप झाला असेल, पुढे संधी मिळताच कबुली द्यायचा निश्चय असेल, तर देव क्षमा करतो. ही काही पळवाट नव्हती, ही अधिकृत कॅथलिक शिकवणच होती. तसंच बाप्तिस्म्याचं. गरज पडली तर कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, फक्त पाणी हवं, शब्द बरोबर हवेत आणि हेतू हवा. मिस्सा मात्र धर्मगुरूशिवाय होत नाही. म्हणून उराकामीने मिस्सा सोडली आणि बाप्तिस्मा, प्रार्थना, पश्चात्ताप आणि कॅलेंडर एवढं धरून ठेवलं.

हो, कॅलेंडर. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यांत जास्त आवडलेला भाग.

गावाची रचना अशी होती. सगळ्या उराकामीचा मिळून एक ‘चोकाता’, म्हणजे वही सांभाळणारा. वर्षातले सण, उपवास, काम बंद ठेवायचे दिवस तो काढायचा. मग प्रत्येक वाडीला एक ‘मिझुकाता’, पाण्याचा माणूस, जो बाप्तिस्मा द्यायचा. साटो, नाकानो, मोतोहारा, इएनो या त्या वाड्या. आणि त्याखाली ‘किकियाकु’, ऐकून सांगणारे, प्रत्येकाकडे थोडी थोडी घरं. चोकाताने तारीख काढली की मिझुकाताला कळायची, त्याच्याकडून किकियाकुंना, त्यांच्याकडून घराघरात.

आता ईस्टरची तारीख काढणं हे आजही त्रासाचं काम आहे. प्रोग्रामिंग शिकताना कोणाकोणाला तो प्रश्न आला असेल. वसंत संपात, त्यानंतरची पौर्णिमा, त्यानंतरचा रविवार. त्यात गावाचं रोजचं पंचांग चांद्र, आपल्यासारखंच अधिक महिना असलेलं, आणि हाताशी असलेली ख्रिस्ती दिनदर्शिका १६३४च्या एका प्रतीवर आधारलेली. दरवर्षी एकातून दुसऱ्यात तारखा बसवायच्या. भातशेती करणाऱ्या माणसाने, चोरून, आणि चूक झाली तर दुरुस्त करायला वर कोणी नाही. पहिला चोकाता मागोएमोन, आणि तिथून सात पिढ्या हे काम चाललं. सातवा किचिझो. १८५६ मध्ये गावावर धाड पडली, किचिझो पकडला गेला आणि तुरुंगातच मेला.

तोवर जपानची दारं परदेशी जहाजांना उघडत होती. नागासाकीत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी ओउराला फ्रेंच मिशनऱ्यांनी चर्च बांधलं. नाव दिलं निशिझाकाच्या त्याच २६ हुतात्म्यांचं, ज्यांना १८६२ मध्ये रोमने संत घोषित केलं होतं. म्हणजे या चर्चच्या नावात आपला वसईकरही आला.

१७ मार्च १८६५, दुपारी साडेबाराच्या सुमारास पंधराएक माणसं चर्चच्या दाराशी आली. फादर बर्नार्ड पेतीजाँ यांनी दार उघडलं. वेदीसमोर ते गुडघ्यांवर बसले असताना एक बाई जवळ आली, सुगिमोतो युरी. तिने हळूच सांगितलं की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

ही गोष्ट खूप ठिकाणी सांगितली जाते आणि सगळे पेतीजाँच्या डोळ्यांतल्या पाण्यापाशी थांबतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. त्या लोकांनी फादरना सांगितलं की आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळतोय, आज सतरावा दिवस. १८६५ मध्ये उपवासकाळाचा राखेचा बुधवार होता १ मार्चला. १ ते १७ मोजा. किचिझो मरून वर्षं उलटली होती, रोमशी सव्वादोनशे वर्षं संबंध नव्हता, आणि एका दिवसाचाही फरक नव्हता.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका वस्तीचा मिझुकाता आला. त्याने रोमच्या मोठ्या धर्मगुरूबद्दल चौकशी केली, आणि मग फादरना बायकामुलं आहेत का ते विचारलं. कारण पूर्वजांनी सांगून ठेवलेलं, खरे धर्मगुरू रोमचे असतील, अविवाहित असतील, मारियेला मानतील. प्रॉटेस्टंट पाद्रीही तेव्हा नागासाकीत होतेच. म्हणजे बघा, फादर आले ते लोकांना तपासायला नव्हे. आधी लोकांनीच फादरांची परीक्षा घेतली.

नंतर उलटी परीक्षाही झाली. मिझुकाता बाप्तिस्म्याचे शब्द नक्की काय म्हणतात ते मिशनऱ्यांनी ऐकून घेतलं, कारण शब्द बिघडले असतील तर त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्माच झाला नाही. क्षणभर त्या म्हाताऱ्या मिझुकाताच्या जागी उभे राहा. बापाकडून घेतलेलं, जीव धोक्यात घालून केलेलं काम, आणि कालच आलेला परदेशी माणूस म्हणतो, जरा म्हणून दाखवा. उराकामीच्या बहुतेकांनी हे मानलं. इकित्सुकी बेटावरच्या आणि गोतोमधल्या अनेकांनी नाही मानलं. त्यांचं म्हणणं, आमच्या पूर्वजांनी जे दिलं तोच आमचा धर्म. ते कॅथलिक चर्चमध्ये परत गेलेच नाहीत. इकित्सुकीत ‘ओराशो’ म्हणणारी मोजकी घरं अजून आहेत. ते हट्टी होते असं मला वाटत नाही. दोन शतकं ज्यांनी सगळं सांभाळलं, त्यांच्याकडे परत द्यायला सांगणारे हक्काचे होते का, हा प्रश्न खराच आहे.

उराकामीत आता चार गुप्त प्रार्थनाघरं उभी राहिली. रात्री मिशनरी शेतकऱ्याच्या वेषात यायचे. आणि १८६७ मध्ये गावाने लपणं थांबवलं. एका घरात मृत्यू झाला, मंदिरातल्या भिक्षूला न बोलावता त्यांनी अंत्यविधी केला आणि मुखियाला जाऊन तसं सांगितलं. दोन शतकं मंदिराच्या अंत्यविधीला हो म्हणून शेजारच्या खोलीत आपली प्रार्थना म्हणणाऱ्या लोकांनी पहिल्यांदा नाही म्हटलं.

१५ जुलैच्या रात्री पावसात धाड पडली, ६८ जण पकडले. छळ झाला. हे स्पष्ट सांगायला हवं, की जवळजवळ सगळे मोडले आणि धर्म सोडला म्हणून त्यांनी लिहून दिलं. ठाम राहिला ताकागी सेनेमोन, ज्याच्या घरातच एक प्रार्थनाघर होतं. सुटून गावी आलेल्यांना स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटली. त्यातले बरेच जण मग मुखियाकडे गेले आणि लिहून दिलेलं परत घेतलं. काय होणार हे माहीत असताना.

जे व्हायचं ते झालं. नवं मेइजी सरकार आलं, पण बंदी तीच. १८६८ ते १८७० मध्ये उराकामीचे सुमारे ३,४०० लोक, म्हणजे जवळपास अख्खं गाव, देशभर वीसेक ठिकाणी हद्दपार केले. ६००हून जास्त परत आले नाहीत. सेनेमोन आणि मोरियामा जिनझाबुरो यांना त्सुवानोला बर्फाच्या तळ्यात उतरवलं. जिनझाबुरोचा १४ वर्षांचा भाऊ युजिरो तिथेच छळात मेला. या सगळ्याला गाव नुसतं ‘ताबी’ म्हणतं. ताबी म्हणजे प्रवास.

परदेशी सरकारांचा दबाव वाढला तेव्हा २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरवले. लोक परतले तर घरं पडकी, भांडीकुंडी गेलेली. त्यात १८७४ मध्ये साथ आली. तेव्हा पुढे आली इवानागा माकी, हद्दपारीतून परतलेली पंचविशीतली शेतकरी मुलगी. मैत्रिणींना घेऊन तिने फादर द रोत्झ यांच्याबरोबर घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मागे राहिलेल्या अनाथ पोरांना घरी आणलं आणि तेच अनाथालय झालं. कुमीचं जुनं काम, फक्त आता उघड्यावर.

१८८० मध्ये त्यांनी मुखियाचा तो वाडा विकत घेतला, जिथे पिढ्यान् पिढ्या प्रतिमेवर पाय द्यायला लावलं होतं. तिथे चर्च केलं. १८९५ मध्ये त्याच जागी विटांचं मोठं चर्च बांधायला घेतलं, पूर्ण झालं १९१४ मध्ये, जुळे मनोरे १९२५ मध्ये.

९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. बॉम्ब फुटला तो या चर्चपासून साधारण ५०० मीटरवर. १५ ऑगस्टच्या सणाआधीची पापकबुली चालू होती, दोन्ही धर्मगुरू आणि आत असलेले सगळे गेले. पॅरिशच्या सुमारे १२,००० लोकांपैकी ८,५०० मेले. गावावरच्या धाडींना तिथे ‘कुझुरे’ म्हणतात, म्हणजे कोसळणं. १७९०, १८४२, १८५६, १८६७, अशा चार. वाचलेल्यांपैकी काही बॉम्बला पाचवी म्हणायचे.

आणि पुन्हा एक प्रापंचिक माणूस बोलायला उभा राहिला. डॉक्टर नागाई ताकाशी, क्ष-किरणतज्ज्ञ, त्याआधीच रक्ताच्या कर्करोगाने आजारी. त्यांची बायको मिदोरी चोकातांच्या वंशातली. घराच्या राखेत त्यांना तिची हाडं आणि जपमाळ मिळाली. २३ नोव्हेंबरला मेलेल्यांसाठीच्या मिस्सेत त्यांनी भाषण केलं, आशय असा की युद्ध थांबावं म्हणून उराकामीचं बलिदान देवाने निवडलं. वाचलेल्यांना यातून आधार मिळाला हे खरं. पण पुढे यावर जोरदार टीकाही झाली, कारण मग बॉम्ब टाकणारे आणि युद्ध चालवणारे दोघेही सुटतात. मलाही ते भाषण पटत नाही. पण तीन महिन्यांपूर्वी बायको जळालेल्या माणसाला मी हे तोंडावर सांगू शकलो असतो का, तर नाही.

त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ढिगाऱ्यातून काढलेली मोठी घंटा वाजवली. छोटी फुटून गेली होती. तिच्या जागची घंटा अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ ला, ११:०२ ला, दोन्ही एकत्र वाजल्या. २०१८ च्या युनेस्कोच्या यादीत ओउराचं चर्च आहे, उराकामीचं नाही, कारण आजची इमारत १९५९ ची आहे.

आजच्यापुरतं एवढंच. वसईच्या श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी गोन्सालोबद्दल आजी-आजोबांनी सांगितलेलं काही असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा, पुढच्या भागात घेऊ.