बोस्टनचे नऊ पुरुष

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, अंतःस्रावी ग्रंथींचे विख्यात अभ्यासक फुलर ऑलब्राइट यांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण वैद्याने १९४२ साली नऊ पुरुषांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात शुक्रबीजाचा अभाव ही एकच तक्रार नमूद नव्हती; वृषणे लहान, स्तन वाढलेले आणि मूत्रात पोषग्रंथीच्या एका स्रावाचे प्रमाण अवाजवी, अशी लक्षणांची सबंध मालिकाच त्यात होती. निबंधावर ऑलब्राइटांनी शिष्याचे नाव आपल्या आधी घातले; असे औदार्य विद्वानांच्या दरबारात विरळाच. मात्र दोषाचा ठपका निबंधकर्त्यांनी वृषणातील एका अज्ञात स्रावाच्या उणिवेवर ठेवला, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही, कारण मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे अठ्ठेचाळीस नसून शेहेचाळीस असतात हेच मुळी लुंड येथे तिओ आणि लेव्हान यांनी १९५६ साली सिद्ध केले.

तत्पूर्वी, १९४९ मध्ये, कॅनडात मरे बार आणि बर्ट्राम यांना मांजरींच्या मज्जापेशींत एक गडद ठिपका आढळला होता, जो बोक्यांच्या पेशींत नव्हता. तोच ठिपका पुढे क्लाइनफेल्टरच्या वर्णनातील पुरुषांत दिसताच, हे मूळचे स्त्रीदेहच होत, असा निवाडा काही पंडितांनी देऊन टाकला. ज्यांच्याविषयी तो दिला गेला त्यांच्या मनाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. १९५९ साली एडिंबरा येथे पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी गुणसूत्रे मोजली, ती सत्तेचाळीस भरली: पुरुषत्व ठरविणारे वाय एक, पण एक्स दोन. तो निवाडा तेथेच रद्द झाला.

सुमारे सहाशे पुरुषांत एकाच्या वाट्याला येणारी ही स्थिती पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यभर अज्ञातच राहते, आणि अस्थींची विरलता, मधुमेह, शिरांतील रक्ताच्या गाठी, क्वचित स्तनाचा कर्करोगही तिच्यामागून येतो. स्टॉकहोमच्या ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९७६ साली दाखविलेला प्रकार याहून नवलाचा: शुक्राणूचे पुच्छ आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केस यांची घडण एकच असल्यामुळे, जन्मजात दोषाने एक निश्चल असेल तर दुसरेही बहुधा निश्चल, आणि म्हणून अपत्यहीन पुरुषाचा जुनाट खोकला हा त्याच दोषाचा दुसरा पुरावा ठरू शकतो.

१९९२ साली ब्रुसेल्समधून एकच शुक्राणू बीजांडात सोडण्याची युक्ती जाहीर झाली, आणि अपत्याचा प्रश्न बापाचा देह न तपासताही सुटू लागला. तेव्हा शुक्राणू अत्यल्प किंवा मुळीच नसल्याचा अहवाल ज्याच्या हाती पडेल, त्याने अपत्याचा मार्ग विचारताना आपल्या गुणसूत्रांची, हाडांची आणि रक्तातील साखरेची चौकशीही वैद्याकडे त्याच भेटीत करावी.