विषाणू पालटला, कोणती औषधे टिकली?

कोविड-१९ वरील औषधांचे भवितव्य बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरले : औषधाचा रोख कशावर आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिन, म्हणजेच स्पाइक प्रोटीन, सतत बदलत असते. आतील, विषाणूच्या प्रती काढण्यास लागणारी विकरे मात्र सहसा बदलत नाहीत. तेथे मोठा फेरफार झाला तर विषाणूची वाढच खुंटते.

मोनोक्लोनल प्रतिपिंडे काटेरी प्रथिनावर बेतलेली होती. कॅसिरिविमॅब आणि इमडेविमॅब यांचे मिश्रण डेल्टावर चालले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ओमिक्रॉनची वार्ता आली. त्याच्या काटेरी प्रथिनात तिसांहून अधिक बदल होते. दोनच महिन्यांत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या मिश्रणाचा वापर रोखला. ओमिक्रॉनवर चालणारे बेबटेलोविमॅबही २०२२ च्या नोव्हेंबरअखेर बाद झाले.

रेमडेसिव्हिर आणि निर्माट्रेल्विर विकरांना अडवतात, म्हणून ती ओमिक्रॉनपुढेही टिकली. अट वेळेची. निर्माट्रेल्विर लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांत सुरू करावे लागते. सोबतचे रिटोनाविर त्याचे यकृतातील विघटन मंदावते. पण त्याच कारणाने कोलेस्टेरॉल, हृदयाची लय किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाणही धोकादायक पातळीवर जाऊ शकते. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याविना हे औषध घेऊ नये.

डेक्सामेथासोनचा रोख विषाणूवर नाहीच. ते शरीराच्या अतिरेकी दाहाला आवरते. त्यामुळे उपप्रकार कोणता, हा प्रश्न येथे गौण. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. हे स्वस्त औषध घरोघरी मनाने घेतले गेले, आणि २०२१ मध्ये अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने स्टिरॉइडचा अतिवापर म्युकरमायकोसिसचे एक प्रमुख कारण ठरला.

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हाही विरुद्ध होता. पुढच्या मोठ्या चाचण्यांत या औषधाचा उपचार म्हणून ठोस लाभ आढळला नाही. प्लाझ्माचेही तेच झाले. आयसीएमआरच्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्येच प्रतिकूल आला होता. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना.